फोडणीची पेटी

सिद्धोधन खिल्लारेची मिशी आधी नीट बघून घ्या, कारण पुढची सगळी भानगड तिच्यावरच येऊन बसणार आहे. काळीभोर, दोन्ही टोकांना वर वळलेली, आणि वळणावर रोज सकाळी खोबरेल तेलाचं बोट. बायको मनिषा म्हणायची, माझ्या वेणीला तेल पुरत नाही आणि ह्यांच्या ओठावरच्या पिकाला बाटली लागते. घरात आज्याचा, म्हणजे सितारामचा, एकच फोटो होता. त्यात म्हाताऱ्यानं उपरण्यानं नाकापर्यंत तोंड झाकून घेतलेलं. थंडीचे दिवस असतील, असं सिद्धोधन समजायचा. मिशी कुणावर गेली हे त्यामुळं कधी कळलंच नाही.

गाव परभणीजवळच्या झरीकडून आत वळल्यावर लागतं. नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथं मला कुणी चहा पाजणार नाही, आणि मला तिथं अजून जायचंय. गावात शिरायच्या आधी एक पिंपळ, पिंपळाखाली शेंदूर फासलेला मुंजाचा दगड आणि त्या दगडासमोर बरोबर रस्त्याच्या मधोमध एक खड्डा. लग्नाआधी गेलेलं कुणाचं तरी पोरगं पिंपळावर राहतं म्हणतात. मुंजा जुना का खड्डा जुना, यावर गावात दोन तट आहेत. मुंजाला दर अमावस्येला नारळ मिळतो. खड्ड्याला आजवर टोपलंभर मुरूम मिळालेला नाही.

सिद्धोधनची पिकअप ह्या खड्ड्यातूनच रोज जायची-यायची. परभणीच्या मार्केटला भाजी, ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांची बोचकी, लग्नाची वऱ्हाडं, जे येईल ते. गाडीला लिंबू नाही, मिरची नाही, काळी बाहुली नाही. समोर काचेवर ‘अत्त दीप भव’ आणि मागं फाळक्यावर ‘लिंबू खा, टांगू नका’. नुसतं लिहून थांबला असता तर तो सिद्धोधन कसला? दुसऱ्यांच्या गाड्यांची लिंबंही तो सोडून घ्यायचा. एकदा व्यंकटरावांच्या कोऱ्या ट्रॅक्टरचं लिंबू त्यानं हॉटेलात सगळ्यांदेखत कांदाभज्यांवर पिळलं आणि वर म्हणाला, “रस चांगला निघाला.”

व्यंकटराव म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. पांढऱ्या मिशा, पांढरी टोपी, पारावरची जागा ठरलेली. ते तेव्हा काही बोलले नाहीत. पण ज्याच्या ट्रॅक्टरचं लिंबू भज्यांवर पिळलं गेलं, तो माणूस गप्प बसला म्हणजे विसरला, असं आमच्याकडं तरी होत नाही.

आणि दिवाळी सरता सरता सिद्धोधनची गाडी बिघडली. सरळ बंद पडली असती तर परवडलं असतं. पण ही बया चालायची फाकडू, आणि पिंपळापाशी खड्ड्यात चाक गेलं रे गेलं की आपल्या आपण बोंबलायला लागायची. सिद्धोधनचे दोन्ही हात स्टेअरिंगवर, आणि हॉर्न ठणाणा. पावसाचा थेंब नाही आणि वायपर काचेवर नाचायलेत. दिवे डोळे मारायलेत. दारांची लॉकं आपोआप खटाखट लागायलीत, उघडायलीत. थोडं पुढं गेलं की सगळं चिडीचूप.

पहिला प्रसाद मिळाला तो व्यंकटरावांनाच. घरात फरशीचा संडास असून त्यांना मोकळ्या हवेची सवय. ते टमरेल घेऊन पिंपळामागं बसलेले, आणि कानाशी हॉर्न. उठून बघतात तर गाडी दोन्ही डोळे मिचकावायलीय आणि वायपर हलवून ‘या या’ करायलीय. माणूस टमरेल तिथंच टाकून धोतर धरून गावापर्यंत पळाला. त्या दिवसापासून गावाला कळलं की सिद्धोधनच्या गाडीत मुंजा बसलाय.

हॉटेलात व्यंकटरावांनी विषय काढला. गर्दी बघूनच काढला.

“सिद्धोधन, लोकांची लिंबं खाल्लीस, आता भोग. मुंजा बसलाय तुझ्या गाडीत.”

“बसला आसंल तर भाडं दिऊन बस म्हणावं. फुकट कुणाला नेत न्हाई मी.”

लोक हसले. व्यंकटराव हसले नाहीत. “हसण्यावारी नेऊ नकोस. नारळ फोड, दगडाच्या पाया पड, मोकळा हो.”

“वायरिंगचा बिघाड हाय त्यो, व्यंकटराव. खड्ड्यात गाडी आदळती, आत कायतरी चिकटतंय. मुंजा बिंजा काई न्हाई.”

“मंग बाकीच्या खड्ड्यात का न्हाई वाजत? परभणीपस्तोर काय डांबर हाय व्हय सगळं?”

एवढा खोल खड्डा तालुक्यात दुसरा नाही, हे खरं उत्तर होतं. पण माणसाला खरं उत्तर घरी गेल्यावर सुचतं. हॉटेलात त्याला सुचली ती पैज.

“येत्या बाजारच्या दिवशी,” तो मिशीला पीळ देत म्हणाला, “बिघडलेला पार्ट बाजारातल्या पारावर आणतो. सगळ्यांम्होरं फोडतो आन् आतला बिघाड दाखवतो. दाखवला, तर तुमी मिशी काढायची. न्हाई दाखवला, तर ही माझी. पारावर बसून, रंगनाथच्या हातून.”

रंगनाथ न्हावी शेजारच्या बाकावर चहा पीत होता. त्याला ठसकाच लागला.

“कबूल,” व्यंकटराव म्हणाले.

सिद्धोधनसोबत गाडीवर मुंजाजी असायचा. क्लीनर म्हणा, दोस्त म्हणा, आणि ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही असा माणूस म्हणा. ह्याच पिंपळाला नवस बोलून झाला म्हणून आईनं नाव मुंजाजी ठेवलेलं. बाहेर आल्यावर तो म्हणाला, “तू आसं कसं बोललास? खरंच मुंजा आसला तर?”

“तुझ्या नावाचाच हाय ना त्यो? इचारून ये मंग.”

“इचारलं आसतं,” मुंजाजी गंभीरपणे म्हणाला, “पण आमचं बोलणं न्हाई.”

घरी ही बातमी सिद्धोधनच्या आधी पोचली होती. आई सरजाबाई चुलीपुढं भाकरी थापत बसलेली. ही सरजाबाई म्हणजे साधी बाई नाही. विहारातल्या महिला मंडळाची अध्यक्ष. बावीस प्रतिज्ञा म्हणताना तिचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा. शेजारच्या आळीत कुणी अंगात आलं म्हणून घुमायला लागलं तर तिथं जाऊन “उठ गं, भांडी पडलीत” म्हणणारी. सिद्धोधनचं सगळं लिंबूपुराण तिच्याच दुधातून आलेलं.

“मिशी कशाला लावलीस पणाला?” तिनं मान वर न करता विचारलं. “दुसरं काई नव्हतं तुझ्याकडं?”

“माय, भूत न्हाई म्हणतीस ना तूच? मंग भेव कशाचं?”

“भुताला कोण भितंय?” सरजाबाई म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी करपून काळी होईपर्यंत तिला ती उलटायचं भान राहिलं नाही.

इकडं गाडीचा धंदा बसला. ऊसतोडीची एक टोळी ठरलेली होती. टोळीच्या मुकादमानं दुसरी गाडी केली. बायका-पोरं घेऊन परमुलखात जायचं, वरून मुंजा कशाला सोबत, असं त्याचं म्हणणं. सिद्धोधननं त्याला तासभर विज्ञान शिकवलं. मुकादमानं सगळं ऐकून घेतलं, पान खाल्लं आणि दुसऱ्या गाडीत बसून गेला. आता मिशीची पैजच धंदा वाचवणार होती. बिघाड दाखवला की गाडी शुद्ध. नाही दाखवला की गाडीही गेली आणि तोंडही गेलं.

परभणीत जिंतूर रोडला खाजाभाईचं दुकान. गाड्यांच्या वायरिंगचा हा माणूस स्वतःला डॉक्टर म्हणवून घ्यायचा आणि गाडीपेक्षा गाडीवाल्यालाच जास्त झापायचा. त्यानं स्टेअरिंगखाली आपलं यंत्र जोडलं, पडद्यावर बघितलं, आणि तंबाखूची गोळी गालात सरकवली.

“इंजिन मस्त. बॅटरी मस्त. तुमचा ग्रामसेवक पागल हो गया.”

“कोण?”

“अरे भाई, जुन्या गाडीत बटन दाबला की हॉर्न वाजायचा. ह्या गाडीत तसं न्हाई. बटन दाबला की आधी अर्ज जातो, डॅशबोर्डखाली एक पेटी हाय तिच्याकडं. पेटी सही करते, मंग हॉर्न वाजतो. दिवे, वायपर, दाराचे लॉक, सगळ्यांचा अर्ज त्याच टेबलावर. बीसीएम बोलते उसको. तुमचा पागल झाला. कुणाचा अर्ज नसताना सह्या करायलाय.”

“दुरुस्त व्हईल?”

“पागल ग्रामसेवक दुरुस्त झालेला कधी देख्या क्या? बदली करना पडता.”

नवी पेटी नांदेडहून मागवली. ती एसटीच्या पार्सलमधून आली तो बाजाराचा आदला दिवस होता. खाजाभाईनं आधी बॅटरीची वायर सोडली, मग सीटवर उताणा पडून डोकं स्टेअरिंगखाली घातलं. दारातून त्याचे नुसते पाय दिसायचे, आणि आतून शिव्या ऐकू यायच्या. कधी गाडी बनवणाऱ्याला, कधी स्क्रूला, कधी मुंजाजीला, कारण मुंजाजी टॉर्चचा उजेड भलतीकडंच धरायचा. शेवटी जुनी पेटी निघाली. तळहाताएवढी, काळी, दिसायला गरीब. नवी तिच्या जागी बसली, पिना खटाखट लागल्या. सिद्धोधननं चावी फिरवली.

गाडी ढिम्म.

“मेली,” मुंजाजी म्हणाला.

“तेरा मुँह बंद रख,” खाजाभाई म्हणाला. “नवी सून हाय. घर कुणाचं, सासू कोण, चावी कुणाची, समदं सांगावं लागतं. बोल्याबिगर कैसा समजेगा?”

त्यानं लॅपटॉप जोडला. गाडीची सगळी कुंडली नव्या पेटीत भरत बसला. पडद्यावर हिरवी पट्टी गोगलगायीसारखी सरकायची आणि तोपर्यंत कुणी दार लावायचं नाही, दिवा लावायचा नाही, खोकायचं नाही, असा हुकूम. पट्टी भरली. सिद्धोधननं चावी फिरवली. गाडी सुरू झाली. हॉर्न दाबला, वाजला. सोडला, थांबला. ह्या एवढ्याशा गोष्टीचा माणसाला इतका आनंद होऊ शकतो, हे त्याला त्या दिवशी कळलं. त्यानं मिशीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, “खाजाभाई, आता जुनी फोडा. उद्या काय दाखवायचं ते आज बघून ठिवतो.”

पेटीचं झाकण एका कोपऱ्याला फाटलेलंच होतं; खाजाभाईनं ते स्क्रू ड्रायव्हरनं उचकटलं आणि पेटी फडक्यावर पालथी केली. टप टप टप करून काळे बारीक दाणे पडले.

खाजाभाईनं एक दाणा उचलला. उजेडात धरला. दाताखाली घालून फोडला. “मोहरी,” तो म्हणाला. मग आत बघितलं. मिठाची पांढरी खपली, तांब्याच्या रेघांवर हिरवा गंज, गंजात रुतून बसलेल्या आणखी मोहऱ्या, दोन लाल मिरच्यांचे देठ. “या अल्ला! इसमें फोडनी कौन डाला बे?”

देठांना एक चिंधी बांधलेली होती. पांढरी, निळ्या काठाची.

परभणी जिल्ह्यात पांढऱ्या लुगड्याला निळा काठ हजार बायकांचा असेल. पण त्या काठाला पिवळ्या दोऱ्यानं घातलेली टीप एकाच बाईची होती. ती टीप सिद्धोधननं स्वतः मशीनवाल्याकडून घालून आणली होती, निळा दोरा संपला होता म्हणून. मुंजाजीनं चिंधी बघितली, सिद्धोधनकडं बघितलं, तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तसंच मिटलं.

सिद्धोधनला सगळं आठवलं. तो रोज सकाळी आंघोळीला जायचा. परत यायचा तेव्हा डॅशबोर्ड ओला असायचा. माय म्हणायची, “पुसून काढली रे गाडी, धूळ लय बसती.” केवढं बरं वाटायचं त्याला! म्हातारी ह्या वयात आपली गाडी पुसते! आणि म्हातारी मीठ, मोहरी, मिरच्या तांब्यात कालवून गाडीवरून उतरवायची, आणि काचेखालच्या फटीतून आत ओतायची, ते थेट खालच्या पेटीवर. गार वारा तिथूनच येतो, म्हणजे गाडीचं तोंड तेच असणार. दृष्ट काढलेलं गाडीनं गिळायला नको का?

बावीस प्रतिज्ञा पाठ असणारी त्याची माय. आणि उद्या पारावर ही पेटी फुटणार.

“धुऊन काढू,” वाटेत मुंजाजी म्हणाला. “मोहऱ्या वेचून टाकू, नुस्ता गंज दाखवू. कुणाला काय कळतंय? न्हाईतर खाजाभाईची दुसरी एखादी पेटी नेऊ.”

“आन् व्यंकटराव म्हणले, पाणी कुठून गेलं आत? पावसाळा सरून किती दिस झाले, काय सांगू?”

“सांग कायबी. टाकी फुटली म्हण.”

“मुसावादा वेरमणी म्हणतो मी रोज. दुसऱ्याची लिंबं सोडत फिरतो, आन् तितं उभा राहून खोटं बोलू?”

“मंग खरं सांग.”

सिद्धोधननं पेटीचं फडकं सीटखाली आत सारलं. “खोटं बोलणार न्हाई,” तो म्हणाला. “आन् मायला बाजारात उघडी पाडणार न्हाई. मंग राहिलं काय माझ्याकडं? मिशी.” आणि त्यानं मुंजाजीकडून गळ्याची शपथ घेतली की हे कुणाला सांगायचं नाही.

घरी आल्यावर सरजाबाईनं दारातच विचारलं, “घावला का बिघाड?”

“घावला. नवी पेटी बसवली.”

“बरं झालं, माझ्या बाबा!” ती म्हणाली आणि एवढी हसली की सिद्धोधनला तिच्याकडं बघवेना. मनात मायचा रागही आला होता, दाबून आला होता. हिच्यापायी धंदा बुडाला, गावात शोभा झाली, आणि हिच्यावर ओरडताही येत नाही, कारण ओरडावं तर शेजारी ऐकतात.

बाजारच्या दिवशी पारावर जत्रा. मेथीच्या जुड्या तशाच टाकून बायका आल्या, बोंबील टाकून बोंबीलवाला आला. सिद्धोधननं गाडी पिंपळाकडून आणली. चाक खड्ड्यात गेलं, गाडी धाडकन आदळली, आणि एक शब्द नाही. वायपर जागेवर, दिवे जागेवर. शिट्ट्या वाजल्या.

व्यंकटराव हलले नाहीत. “मी काल नारळ फोडला मुंजाला,” ते म्हणाले. “तुझ्यासाठी. म्हणून शांत झालाय त्यो. आपलं ठरलं काय हुतं? पार्ट फोडायचा. आन पार्ट.”

सगळ्या बाजाराचे डोळे सिद्धोधनवर. पेटी त्याच्या सीटखाली होती, फडक्यात बांधलेली.

“पार्ट दाखवणार न्हाई,” सिद्धोधन म्हणाला.

“का?”

“न्हाई दाखवणार. सांगणारबी न्हाई. पैज हरलो. रंगनाथ, ये, उरक.”

बाजारात गलका झाला. व्यंकटराव एवढे खूश झाले की त्यांनी स्वतःच्या उपरण्यानं पारावरची धूळ झटकून दिली. ही मिशी रंगनाथनंच वर्षानुवर्षं कातरून वळणावर आणलेली. त्यानं साबण लावला, वस्तरा परजला, आणि डोळे मिटून डावीकडची बाजू उतरवली.

मुंजाजीनं शपथ पाळली. म्हणजे पारावर जेवढा वेळ उभा होता तेवढा वेळ पाळली. डावी मिशी खाली पडली आणि त्याच्या तोंडातला तीळ टुणकन बाहेर आला. गर्दीतून वाट काढत तो जो पळाला तो थेट सरजाबाईच्या चुलीपाशी. “सरजाकाकू, तुमच्या मोहऱ्या! पेटीत घावल्या, गाडीत सीटखाली हाय पेटी! तुमचं नाव येऊ नये म्हणून बसलाय त्यो तितं मिशी द्यायला!”

सरजाबाई उठली ती पिठाच्या हातानंच. पायात चप्पल नाही. बाजारात ती आली तेव्हा वेळ काढत बसलेला रंगनाथ उजव्या बाजूला साबण लावून आता कुठं वस्तरा उचलत होता. सिद्धोधननं मान वळवली आणि मायला त्याचं तोंड दिसलं. एका बाजूला मिशी, एका बाजूला काही नाही.

असा आवाज त्या बाजारानं पूर्वी ऐकला नव्हता. “थांब!” ती ओरडली. “थांब रे मुडद्या! भूत मी हाय!”

रंगनाथच्या हातून वस्तरा पडला. सरजाबाईनं गाडीचं दार उघडलं, सीटखालचं फडकं काढलं आणि पेटी पारावर आपटली. मोहऱ्या उडाल्या. “बघा! मीठ, मोहऱ्या, मिरच्या. ही माझ्या लुगड्याची चिंधी. म्या ओतलं गाडीत. मुंजा न्हाई का फिंजा न्हाई. मी. ह्या गाडीतलं भूत मी.”

कुणीतरी फिसकन हसलं. “अध्यक्षबाईच दृष्ट काढायल्या व्हय!”

“काढते,” सरजाबाई त्या आवाजाकडं वळली. “काढते मी. का काढते ते आयका. मी नवी नवरी हुते. माझा सासरा, ह्याचा आजा, सिताराम, अशीच मिशी पिळून ह्या पारावरून गेला. घरी आला तवा अर्धी हुती. पुरी काढली असती तर म्हातारा म्हणला असता, हौसेनं काढली. म्हणून अर्धीच ठिवली, दिसावी म्हणून. मरंपस्तोर उपरण्यानं तोंड झाकून बसला त्यो माणूस. ज्यांनी काढली त्यांची नावं घेत न्हाई. त्यांची नातवंडं इथंच बसलीत.” तिनं कपाळावरचा घाम पिठाच्या हातानं पुसला. “आमच्या घरात पुन्यांदा मिशी उगवली ती ह्या पोराच्या तोंडावर. फुटली त्या दिवसापून मी उतरवते. मी भुताला न्हाई भेत. भूत कुणाची मिशी कापंल? नजर माणसाची असती रे. त्याच्यावर प्रतिज्ञा न्हाई लिव्हलेली कुठं.”

सिद्धोधनच्या डोळ्यांपुढं तो फोटो आला, नाकापर्यंत ओढलेल्या उपरण्याचा. थंडी! इतकी वर्षं तो थंडी समजत होता. कालपासून पोटात धरलेला मायचा राग कुठल्या कुठं गेला आणि त्याला सगळ्या बाजारासमोर रडू आलं. साबणासकट रडला.

व्यंकटरावांची मान खाली होती. ते पायाजवळच्या मोहऱ्यांकडं बघत होते. मग टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, “रंगनाथ, बिघाड दिसला. पैज मी हरलो. ये, माझी काढ.”

“राहू द्या, व्यंकटराव,” सरजाबाई म्हणाली. “ह्या पारावर मिशा लय निघाल्या. मिशी वाढती. पण त्यो खड्डा वाढला तर माझ्या पोराच्या गाडीचा एक्सल तुटंल. नारळ फोडता तितं, एक टिप्पर मुरूम टाका.”

“टाकतो,” व्यंकटराव म्हणाले. वर मात्र त्यांनी बघितलं नाही.

रंगनाथनं वस्तरा उचलून पुसला. “सिद्धोधनभाऊ, उरलेलीचं काय करू? काढू का ठिवू?”

सिद्धोधननं तोंडावरचा साबण बाहीनं पुसला. मायनं घाईनं आपला पदर त्याच्या तोंडापुढं धरला, झाकायला. त्यानं तो हळूच बाजूला केला.

“ठिव,” तो म्हणाला. “अर्धीच ठिव. आज्याची राहिली हुती बाजारातून फिरवायची.”

मायला त्यानं पुढच्या सीटवर बसवलं, मुंजाजीला मागं हौद्यात टाकलं, शपथ मोडल्याची शिक्षा म्हणून. गाडी त्यानं मुद्दाम बाजारातून, मेथीवाल्या बायकांमधून, हॉटेलापुढून, एकदम सावकाश नेली. काच पूर्ण खाली, कोपर बाहेर, आणि उरलेल्या अर्ध्या मिशीला पीळ. लोक बघायचे तर बघू दे. पिंपळापाशी खड्डा आला, गाडी आदळली. नव्या पेटीनं चूं केलं नाही.

तेव्हा सिद्धोधननं आपल्या हातानं हॉर्न दाबला. चांगला लांबलचक. पिंपळावरचे कावळे उडाले.

सरजाबाईनं दोन्ही कानांवर पिठाचे हात ठेवले होते. ते तिनं काढले.

“अजून एकदा दाब,” ती म्हणाली.